व्यायाम आवडतो का, हे मोठ्या माणसांना विचारायचं कसं?

चालतीबोलती

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी मोठ्या माणसांचा व्यायामाचा गट घेते. वर्ग ४५ मिनिटांचा. आधी सांधे मोकळे करायचे, मग जागच्या जागी चालणं, रबरी पट्ट्या ओढून खांद्या-दंडाचे व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पायरीवर चढउतार, शेवटी ताण देणं आणि श्वास. सुरुवातीला २२ जण होते, वयं ३८ ते ७१. कोणाचा गुडघा, कोणाची साखर, कोणाला नुसतंच 'हालचाल वाढवा' असं डॉक्टरांनी सांगितलेलं. हौसेनं आलेले दोन-तीनच.

पहिल्या आठवड्याच्या आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी मी एक कागद भरून घेतला. वर नाव, खाली एकच प्रश्न: 'आजचा व्यायाम किती आवडला?' १ ते ५ पैकी एका आकड्याभोवती गोल करायचा. पहिल्या वेळी सरासरी ४.१ आली, दुसऱ्या वेळी ४.५. आवड वाढतेय म्हणून मी खूश झाले.

मग हजेरीची वही घेऊन बसले. २२ पैकी ८ जण यायचे बंद झाले होते. त्यातल्या एका बाईंनी पहिल्या आठवड्यात ५ दिले होते आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्या दिसल्याच नाहीत. फोन केला तेव्हा म्हणाल्या, "छानच असतं हो तुमचं, पण घरून निघायचं म्हटलं की जिवावर येतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. छानही असतं आणि जिवावरही येतं, दोन्ही खरं. मग माझ्या कागदावरचा तो ५ नेमका कशाचा होता?

उलट ६४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वर्गात कधी हसत नाहीत, जबडा घट्ट, नजर समोरच्या भिंतीवर. त्यांनी ३ ला गोल केला. आठ आठवड्यांत एकही दिवस चुकवलेला नाही.

ताकद मी उठण्या-बसण्याच्या संख्येवरून मोजते, तोल सेकंदांत मोजते, गुडघा किती वाकतो ते अंशांत. ज्याच्यावर पुढचं सगळं उभं आहे, ते 'आवडणं' मात्र एका गोलावर सोडलं होतं. हे नीट मोजायची काही पद्धत आहे का? कधी विचारायचं, काय शब्द वापरायचे? मानसशास्त्र, संख्याशास्त्र, भाषा यांत काम करणारी माणसं इथे आहेत म्हणून विचारते.

आकडेमोड

ताई, बाकी सगळं नंतर. आधी एक काम करा. पहिल्या आठवड्याचे कागद काढा, त्यातून आज जे १४ जण येताहेत त्यांचेच वेगळे करा आणि फक्त त्यांची सरासरी काढा. तुमच्या कागदांवर नावं आहेत, म्हणजे हे जमेल. मग पुढे बोलू.

दरम्यान तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, पद्धत आहे, आणि जुनी आहे. १९९१ मध्ये केंडझिर्स्की आणि डीकार्लो या संशोधकांनी 'फिजिकल ॲक्टिव्हिटी एन्जॉयमेंट स्केल' नावाची प्रश्नावली तयार केली. तिला सगळे 'पेसेस' म्हणतात. तिच्यात १८ जोड्या आहेत. प्रत्येक जोडीला दोन टोकं, मध्ये सात घरं. एका टोकाला कंटाळा असेल तर दुसऱ्या टोकाला रस. एका टोकाला 'नकोसं', दुसऱ्याला 'हवंसं'. आपण करत असलेल्या हालचालीबद्दल या क्षणी काय वाटतं, ते त्या सात घरांपैकी एकात दाखवायचं. चांगलं टोक कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवलंय, म्हणजे माणूस न वाचता एकाच बाजूला खुणा करत सुटला तर ते लक्षात येतं. ११ जोड्यांचे गुण उलटे करून मग बेरीज करायची. कमीत कमी १८, जास्तीत जास्त १२६.

एका प्रश्नापेक्षा अनेक प्रश्न का बरे? एका प्रश्नावर माणसाचा त्या दिवशीचा मूड, तुमच्याबद्दलचा आदर, एखादा शब्द त्यानं कसा घेतला, हे सगळं एकदम येऊन बसतं. आठ-दहा बाजूंनी विचारलं की या चुका थोड्याफार एकमेकींना खोडतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मूळ प्रश्नावली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासलेली आहे. २००१ मध्ये मोटल आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलींसाठी १६ विधानांची आवृत्ती केली. तुमच्या कामाची आहे ती २०११ मधली मलेन आणि सहकाऱ्यांची ८ प्रश्नांची आवृत्ती, कारण ती वयस्कर माणसांवर तपासली आहे आणि काही महिन्यांच्या अंतरानं पुन्हा विचारली तरी तेच मोजते का, हेही त्यांनी पाहिलं आहे. २०२१ मध्ये तर चारच विधानांची आवृत्ती आली.

'मोजपट्टी तपासलेली आहे' याचा अर्थही नीट घ्या. क्रॉनबॅक अल्फा नावाचा एक आकडा लोक अभिमानानं छापतात. तो मोठा असला की प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं. सगळे मिळून चुकीचीच गोष्ट मोजत असले तरी तो मोठाच येईल.

चालतीबोलती

काढली सरासरी. आज जे १४ जण येतात त्यांची पहिल्या आठवड्यातली सरासरी ४.५. आणि आठव्या आठवड्यातलीही ४.५.

गेलेल्या आठ जणांची पहिल्या आठवड्यातली सरासरी ३.४.

म्हणजे आवड तसूभरही वाढलेली नव्हती. ज्यांना कमी आवडलं ते निघून गेले, म्हणून सरासरी वर गेली. मी गळती मोजत होते आणि तिला प्रगती म्हणत होते. काल रात्री हे कळल्यावर झोप लागली नाही.

आकडेमोड

वाईट वाटून घेऊ नका. मोठमोठ्या अहवालांत हे होतं. जो टिकला त्यालाच शेवटचा कागद मिळतो. पुढच्या वेळी सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा एकाच माणसाचा धरा, आणि गेलेल्यांना विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. २२ जणांच्या गटात सरासरीला तसाही फार अर्थ नाही. प्रत्येकाची स्वतःची रेघ काढा, वर जातेय की खाली ते बघा.

उशिरासुरुवात

मी कागद भरणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो. वय ५८. दोन वर्षांपूर्वी मीही असाच एक वर्ग लावला होता आणि मीही ५ ला गोल केला होता.

शाळेत व्यायाम ही शिक्षा होती. गृहपाठ नाही, मैदानाला फेऱ्या. उशीर झाला, फेऱ्या. मी जाड होतो, शेवटचा यायचो, आणि शेवटचा येणाऱ्याला आणखी एक फेरी. चाळीस वर्षं माझ्या शरीरात ते बसून होतं. दम लागला की छातीत धडधडायच्या आधी मनात लाज यायची. हे तुमच्या प्रश्नावलीत कुठे येतं ते मला ठाऊक नाही, पण मोठ्या माणसाला 'व्यायाम आवडतो का' विचारलं की तो आजच्या व्यायामाबद्दल एकटा उत्तर देत नाही. त्याच्या आत तो बारा वर्षांचा मुलगाही उत्तर देत असतो.

आता त्या ५ बद्दल. तो कागद मी कधी भरला? सगळं संपल्यावर. पंख्याखाली बसलो होतो, घाम पुसत होतो, पाणी पीत होतो. शिकवणाऱ्या ताई समोर उभ्या होत्या, त्यांनी मनापासून मेहनत घेतली होती, आणि कागदावर माझं नाव होतं. तिथे मी २ लिहिणार होतो का? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला छानच वाटत होतं. पण तो आनंद व्यायामाचा नव्हता, व्यायाम संपल्याचा होता. त्याच कागदावर कोणी मला पायऱ्या चढताना, विसाव्या मिनिटाला विचारलं असतं तर मी शून्याच्या खालचा आकडा शोधला असता.

मी तो वर्ग सोडला. आता रोज चालतो, एकटा, माझ्या वेगानं, आणि मला चालणं आवडतं. आवडतं म्हणजे काय? निघाल्यावर दहा मिनिटांनी खांदे आपोआप खाली येतात. कोणाशी स्पर्धा नाही. परत येताना डोक्यात एखादी अडलेली गोष्ट सुटलेली असते. 'मजा' हा शब्द मी त्याला वापरणार नाही. पण एक दिवस चुकला तर चुकल्यासारखं वाटतं.

आकडेमोड

काका, तुम्ही जे लिहिलंय त्यावर संशोधकांनी वीसेक वर्षं घातली आहेत.

ताई, 'शून्याच्या खालचा आकडा' खरोखर आहे. १९८९ मध्ये हार्डी आणि रेजेस्की यांनी 'फीलिंग स्केल' मांडलं. उणे ५ ते अधिक ५, अकरा पायऱ्या, मध्ये शून्य. प्रश्न एकच: आत्ता, या क्षणी कसं वाटतंय? खाली 'फार वाईट', वर 'फार छान'. व्यायाम चालू असताना, न थांबता, बोटानं दाखवता येतं. तुम्ही श्रम मोजायला बोर्ग यांची ६ ते २० ची पट्टी वापरत असालच. ती सांगते किती कष्ट पडताहेत. ही सांगते ते कष्ट कसे वाटताहेत. दोन माणसं बोर्गच्या पट्टीवर १३ वरच असतील, एकाला अधिक ३ वाटत असेल, दुसऱ्याला उणे २. हृदयाचे ठोके पाहून हा फरक कळत नाही.

आता वेळेचं. व्यायामाचा जोर वाढवत नेला की एक टप्पा येतो जिथे श्वास एकदम जोरात होतो, सलग वाक्य बोलता येत नाही. त्याच्या खाली बहुतेकांना बरं वाटतं. त्याच्या बरंच वर जवळपास सगळ्यांनाच वाईट वाटायला लागतं. त्या टप्प्याच्या आसपास मात्र माणसामाणसांत खूप फरक असतो. एक्केकाकिस या संशोधकाचं यावर बरंच काम आहे. आणि थांबल्यावर काही मिनिटांत भावना उसळी मारून वर येते. काकांचा पंख्याखालचा ५ म्हणजे ही उसळी. तुम्ही ४६ व्या मिनिटाला विचारलंत, म्हणून सगळ्यांची उसळी मोजलीत.

कुठल्या क्षणाचं उत्तर पुढे कामाला येतं, हेही पाहिलं गेलंय. विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, फारशी हालचाल नसलेल्या माणसांवर छोटा अभ्यास केला. मध्यम जोराच्या व्यायामाच्या वेळी ज्यांना जास्त बरं वाटलं, ते ६ आणि १२ महिन्यांनंतरही जास्त हालचाल करताना आढळले. २०१२ मध्ये त्यांनी दहा मिनिटांचं चालणं घेतलं, आणि चालताना काय वाटलं याचा पुढच्या हालचालीशी संबंध दिसला. चालून झाल्यावर काय वाटलं याचा तसा दिसला नाही.

म्हणून माझा सल्ला: चालू असताना फीलिंग स्केल, दोन-तीन वेळा. आठ प्रश्नांची पेसेस महिन्यातून एकदा, वर्ग झाल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन. आणि कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. कागद तुम्ही गोळा करू नका, एखादी पेटी ठेवा.

स्पष्टच

मला हे सगळं वाचून एक शंका येते. आवड मोजण्यात एवढा जीव का घालायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. रक्तदाबाची गोळी आवडते म्हणून कोणी घेतं का? घ्यायची असते म्हणून घेतो. माझ्या वडिलांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा त्यांना कोणी आवड विचारली नाही. चाला म्हणाले, ते चालले, आणि ते आज आहेत. मोठ्या माणसांना लहान मुलांसारखं गोंजारू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चालतीबोलती

तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. आणि तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. धसका बसलेला माणूस आवड नसतानाही चालतो, मी अशी माणसं रोज बघते.

पण गोळी गिळायला दहा सेकंद लागतात. मी सांगते ते आठवड्याला १५० मिनिटांचं काम आहे, आणि ते तीन महिन्यांत संपत नाही, जन्मभराचं आहे. माझ्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालेले लोक येतात. पहिले तीन महिने भीतीपोटी सगळं करतात, अगदी वहीत लिहून. चालायला यायला लागलं, भीती गेली, की व्यायामही गेला. दीड वर्षानं दुसरा गुडघा घेऊन येतात. भीती चांगली सुरुवात करून देते, पण ती पुरत नाही. तिच्या जागी दुसरं काहीतरी यावं लागतं, आणि ते आलं की नाही हे मला कळायला हवं.

वडील आजही चालतात ना? एकदा सहज विचारून बघा, आता का चालतात ते.

शब्दवेल्हाळ

मी आरोग्याच्या प्रश्नावल्यांची भाषांतरं करते, त्यामुळे शब्दांपुरतं बोलते.

'एन्जॉय' या शब्दाला मराठीत एक जागा नाही, अनेक आहेत, आणि त्या एकमेकींपासून लांब आहेत. 'मजा आली' म्हटलं की खेळ, सहल, हसणं-खिदळणं. सत्तरीच्या बाईंना 'व्यायामात मजा आली का' विचारलंत तर त्या संकोचतील, मजा करायला का आलोय आम्ही? 'आवडलं' हे मराठीत पाहुण्यासारखं बोलणं आहे. यजमानाला आवडलं म्हणायचंच असतं. तुमचा ५ तिथूनही आलाय. 'आनंद' जरा मोठा शब्द, त्याला घसघशीत कारण लागतं. 'समाधान' हे काम पार पडल्यावरचं. 'बरं वाटलं' हे सगळ्यांत खरं, पण त्यात 'दुखायचं थांबलं' हाही अर्थ आहे, आणि तुमच्या गटात तर तोच आधी घेतला जाईल.

चार विधानांच्या आवृत्तीचं मी मराठी करून पाहिलं. आवडतं, आनंद वाटतो, सुखद आहे, बरं वाटतं. इंग्रजीत जी चार आहेत ती मराठीत ऐकणाऱ्याला एकच गोष्ट चारदा विचारल्यासारखी वाटली. माझ्या आत्यानं तिसऱ्या प्रश्नाला विचारलं, "सांगितलं ना आत्ताच?"

मला मराठीत जास्त जिवंत वाटतात ते वेळेचे आणि मनाचे शब्द. मन रमलं. वेळ कसा गेला कळलं नाही. उद्याची वाट बघते. आणि दुसऱ्या टोकाला: घड्याळाकडे लक्ष होतं, कधी एकदा संपतंय असं झालं, अंगावर आलं, जिवावर आलं. दोन टोकांच्या जोड्या ठेवायच्या तर 'मन रमतं' समोर 'लक्ष घड्याळाकडे असतं' ही जोडी आपल्या माणसाला लगेच कळते.

एक सावधगिरी. 'मला कंटाळा येत नाही' असं नकारार्थी विधान देऊन सहमत-असहमत विचारू नका. 'असहमत' म्हणजे कंटाळा येतो की येत नाही, यात शिकलेली माणसंही अडकतात. दोन टोकांची पद्धत इथे फार बरी.

आणि शब्द ठरवले की ते छापायच्या आधी चार-पाच जणांना मोठ्यानं वाचायला लावा, खुणा करताना काय डोक्यात येतंय ते बोलायला लावा. इंग्रजीतून मराठी, मराठीतून परत इंग्रजी असं उलटसुलट करून शब्द जुळतात, पण समोरच्यानं त्याचा काय अर्थ घेतला ते असंच कळतं. मूळ आवृत्तीशी तुलना करायची असेल तर मात्र मनानं जोड्या बदलू नका. तुमच्या गटासाठी स्वतःच्या वेगळ्या ठेवा आणि त्याला पेसेस म्हणू नका.

चालतीबोलती

सहा आठवड्यांनी परत आले. सगळ्यांनी सांगितलेलं करून बघितलं, ते लिहिते.

भिंतीवर मोठ्या अक्षरात उणे ५ ते अधिक ५ अशी पट्टी लावली. प्रत्येकाला एक चिठ्ठी, वर फक्त क्रमांक, खाली चार घरं. ५ व्या, १५ व्या, ३० व्या आणि ४५ व्या मिनिटाला मी नुसतं "आत्ता" म्हणते, ते पट्टीकडे बघून आकडा टाकतात. दाराशी पेटी ठेवलीय. पहिले दोन दिवस सगळे अधिक ४, अधिक ५ लिहीत होते. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की मला उणे आकडेही हवे आहेत, त्यांच्याशिवाय मला व्यायाम बदलता येत नाही. त्या दिवसापासून खरे आकडे यायला लागले.

३० वं मिनिट म्हणजे माझ्या क्रमात पायरीची चढउतार. १४ पैकी ९ जण तिथे शून्याच्या खाली. त्यातले सात जण ४५ व्या मिनिटाला अधिक ३ किंवा त्याच्या वर. ही काकांची पंख्याखालची उसळी, माझ्या डोळ्यांसमोर, आकड्यांत. ते शांत गृहस्थ कोण आहेत हे चिठ्ठीवरून कळायला नको होतं, पण त्यांनी स्वतःच दाखवली. चारही घरांत अधिक १. रोज. मी विचारलं, एवढंच? म्हणाले, "दिवसभरात एवढा वेळ माझं काहीही उणे नसतं." पत्नी बराच काळ आजारी आहेत, घरी सगळं तेच बघतात. मी त्यांच्या घट्ट जबड्यावरून काय काय ठरवून बसले होते.

गेलेल्या आठ जणांना फोन केले, सहा जण बोलले. 'का सोडलं' असं विचारलं नाही, 'वर्गातला कुठला भाग आठवतो' असं विचारलं. दोघांना पायरी आठवली. एकाला मी मोठ्यानं आकडे मोजते ते आठवलं, परेड असल्यासारखं वाटायचं म्हणाले. तिघींना वर्गातलं काहीच वाईट आठवलं नाही. त्यांचं सगळं घरून निघण्यापाशी अडलेलं.

आकडेमोड यांनी मला मधल्या काळात आणखी एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. झेंको, एक्केकाकिस आणि एरियली यांनी २०१६ मध्ये सायकलवर करून पाहिलं: जोर वाढवत न्यायच्या ऐवजी सुरुवातीला जास्त ठेवून हळूहळू उतरवला, तर नंतर आठवताना व्यायाम जास्त सुखाचा वाटला. माझ्याकडे गुडघेवाले आहेत, त्यामुळे अंग मोकळं केल्याशिवाय जोर आणता येत नाही. पण पायरी ३० व्या मिनिटावरून १२ व्यावर आणली, ज्यांना हवी त्यांच्यासाठी अर्ध्या उंचीची केली, आणि शेवटची पंधरा मिनिटं उतरती ठेवली. मोठ्यानं मोजणं बंद. आता पायरीपाशी शून्याखाली चौघंच जातात. हजेरीवर परिणाम झाला का, हे सांगायला सहा आठवडे पुरेसे नाहीत.

आणि ज्यांच्यामुळे मी हा प्रश्न विचारला त्या बाई दोन आठवड्यांपूर्वी परत आल्या. चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "यात माझं घर नाही." मला आधी कळेना. त्यांनी पेन घेऊन पहिल्या घराच्याही डावीकडे एक चौकोन काढला, वर लिहिलं 'चपला घालताना', आणि त्यात उणे ४ टाकले. त्या दिवशी ५ व्या मिनिटाला त्यांचा आकडा अधिक १ होता, १५ व्याला अधिक २.

आता सगळ्यांच्याच चिठ्ठीवर तो चौकोन छापला आहे. तो आकडा बाकीच्या चारांच्या सरासरीत धरू का?

आकडेमोड

अजिबात धरू नका, वेगळा ठेवा. आधीच्या चार घरांत व्यायाम कसा वाटतो ते आहे. या घरात व्यायाम कसा वाटेल असं वाटतं, ते आहे. रुबी आणि सहकाऱ्यांचं २०११ मधलं काम नेमकं यावरच होतं: लोक सुरुवातीच्या नकोशा भागावर नजर ठेवून अंदाज बांधतात, म्हणून व्यायाम प्रत्यक्षात जेवढा सुखाचा जातो त्याहून कमी जाईल असं त्यांना आधी वाटतं. तुमच्याकडे आता प्रत्येकाचा अंदाज आणि प्रत्येकाचा अनुभव एकाच चिठ्ठीवर शेजारी शेजारी आहे. दोन्हींतला फरक दर आठवड्याला काढा आणि तो त्यांना स्वतःला बघू द्या. त्या बाईंना तर आधी दाखवा.

स्पष्टच

वडिलांना विचारलं. म्हणाले, भीतीनं चाललो ते पहिलं वर्ष. आता सकाळी रस्ता रिकामा असतो, तेव्हा चालायला बरं वाटतं म्हणून चालतो. पट्टीवर किती, विचारलं. जरा विचार करून अधिक ३ म्हणाले, आणि पावसात अधिक ४.